लाल रेघेखालची नोंद

पालिकेत प्राण्यांच्या नोंदणीची एक खिडकी होती आणि त्या खिडकीमागे बावीस वर्षं घड्याळबाई बसल्या. हे नाव लोकांनी वैतागून ठेवलं होतं, पण बाईंना ते मनापासून आवडायचं. पाचाचा ठोका पडला की खिडकीची फळी खाली यायची. समोर कोण उभं आहे, किती लांबून आलंय, धाप कुत्र्याला लागलीय की माणसाला, हे सगळे प्रश्न उद्याचे. फळी पाडली की बाई रजिस्टरात शेवटच्या नोंदीखाली पट्टीनं लाल रेघ मारत, पिशवी उचलत आणि घरी जात. दुसऱ्या दिवशी नवं पान. बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं अख्खं कार्यालय म्हणायचं.

निरोपसमारंभात साहेबांनी जाहीर केलं की बावीस वर्षांत या खिडकीविरुद्ध एकही लेखी तक्रार आली नाही. तसा कागदही दिला. बाईंनी तो फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला. त्यांचे यजमान शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनी फ्रेम तिरकी तर नाही ना, एवढंच पाहिलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. एका शनिवारी बाई भाजी घेऊन परतल्या तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक म्हातारा कुत्रा बसलेला होता. तपकिरी, तोंडावर पिकलेला, आणि दुधाळ डोळे कुठेतरी तिसरीकडेच लागलेले. बाईंनी "हाड" म्हणून पाहिलं, त्याला ऐकूच गेलं नाही. पायरीवर पाय आपटला तेव्हा मात्र त्यानं शेपूट हलवली.

"पाहुणे आलेत," मास्तर वरून म्हणाले. "येऊ दे की वर."

पाहुण्यांना वर आणलं. बाईंनी वाडग्यात पाणी ठेवलं, त्यानं हुंगलंही नाही. ताटलीत ठेवलं, पातेल्यात ठेवलं. पातेल्यात त्याचा पाय पडला आणि पाणी सतरंजीवर गेलं. जीभ तर कोरडी पडून बाहेर लोंबत होती. कुठून चालत आला होता कुणास ठाऊक, चारही पंजे धुळीनं माखलेले होते.

बाईंनी प्राण्यांच्या डॉक्टरांना मोबाइलवर गाठलं. ते परगावी गेले होते. "वय झालंय म्हणता, आणि पाणी घेत नाही? मग दोन दिवस थांबायची सोय नाही, बाई. मी रात्री पोचतो, पण त्याआधी मालक शोधा. त्याला काय चालतं, काय औषध सुरू आहे, ते मालकालाच माहीत असणार."

मालक शोधायचा तर गळ्यातला बिल्ला होताच. पितळी, गोल, त्यावर आकडा २२१६. बाईंनी चष्मा लावून पाहिला आणि त्यांना बरं वाटलं, कारण हा बिल्ला त्यांच्याच अमदानीतला होता, आणि त्यांची आठवण म्हणजे दुसरं रजिस्टर. २२१५ म्हणजे औषधाच्या दुकानदाराचं पांढरं पिल्लू. २२१७ म्हणजे पोस्टातल्या बाईंची झिपरी. आणि २२१६? बाईंनी डोळे मिटले, कपाळ चोळलं. काही आठवेना. मग एकदम आठवलं. हा बिल्ला तर हरवला होता! त्यांची मदतनीस, सगळे तिला धाकटी म्हणत, बिल्ल्यांची पेटी सांभाळायची आणि तिच्या हातून अधूनमधून बिल्ले सांडायचे. नऊ वर्षांत एकेचाळीस बिल्ले. बाई तिला म्हणायच्या, "अगं, हाताला भोकं पडलीत का तुझ्या?" पोर खाली मान घालून ऐकून घ्यायची.

हरवलेला बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात कसा आला, हे रजिस्टर पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. बाईंनी कार्यालयाला फोन लावला. तेव्हा दीड वाजला होता. शनिवारी कार्यालय एकला बंद होतं आणि सोमवारी सुट्टी होती.

"नमस्कार," पलीकडून खणखणीत आवाज आला. "कार्यालय आता बंद आहे. कृपया कामकाजाच्या वेळेत संपर्क साधावा. वारंवार फोन केल्याने कार्यालय लवकर उघडत नाही."

बाईंनी फोन कानापासून दूर धरला. हा त्यांचाच आवाज. निवृत्तीच्या वर्षी त्यांनीच मशीनमध्ये भरून दिला होता, आणि ते शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः पदरचं घातलं होतं. साहेब तेव्हा पोट धरून हसले होते. बाईंनी पुन्हा फोन लावला. पुन्हा त्याच.

"आवाज ओळखीचा वाटतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

"मी गप्पच आहे. बोलतायत त्या बाई."

आपलेच दात, आपलेच ओठ. धाकटीच्या घरी फोन करावा तर तिचा नंबर बाईंकडे नव्हता. घरचा नंबर कुणालाही द्यायचा नाही, हा धडा बाईंनीच तिला पहिल्या आठवड्यात दिला होता. शेवटी त्यांनी मास्तरांचा जुना मफलर पट्ट्यासारखा कुत्र्याच्या गळ्यात अडकवला आणि निघाल्या. निदान रखवालदार तरी भेटेल. कुत्रा भिंतीला अंग घासत, पण विश्वासानं चालला. एवढा विश्वास त्यांच्या खिडकीवर कुणी टाकला नव्हता.

खिडकीची फळी पडलेली होती. बाईंनी ठोकली. मग जोरात ठोकली. बावीस वर्षांत त्या या बाजूला कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. इथून ती फळी फारच जाड दिसत होती.

"तिथं काय ठोकताय, मावशी?" टोपलीत मांजर घेतलेला एक गृहस्थ रस्त्यानं जात होता. "फळी पडली की मागच्या दारानं जायचं. एवढंही माहीत नाही? आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे."

"मागच्या दारानं?" बाई म्हणाल्या. "कधीपासून?"

"झाली की दहा-अकरा वर्षं. फक्त त्या जुन्या बाईंना कळू द्यायचं नाही, एवढंच पथ्य होतं. फार कडक होत्या म्हणे. आता त्या नाहीत, त्यामुळं पथ्यही नाही." आणि तो मांजरासकट बोळात शिरला.

बाईंचे पाय जागीच थांबले. मग कुत्र्यानं मफलर ओढला म्हणून त्या निघाल्या.

मागच्या बोळात रद्दी बाहेर न्यायचं दार होतं. ते अर्धं उघडं होतं. आत धाकटी टेबलाशी बसून मांजरवाल्याचा अर्ज भरून घेत होती. अर्ज झाला, गृहस्थ गेला. तिनं मान वर केली आणि बाईंना पाहून अशी ताडकन उठली, की खुर्ची मागं पडली.

"बाई! मी फक्त... म्हणजे शनिवारी काही लोकांना एकच्या आत सुटी होत नाही ना, म्हणून..."

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "रजिस्टर काढ. दहा वर्षांपूर्वीचं. बावीसशे सोळा."

धाकटीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पण तिनं कपाटातून रजिस्टर काढलं आणि न चाळता नेमकं पान उघडलं. वर बाईंचं टपोरं अक्षर, २२१५ पर्यंत. खाली लाल रेघ. आणि त्या रेघेखाली बारीक, घाईचं, दुसऱ्या अक्षरातलं: २२१६. तपकिरी नर, वय दोन. मालकीण, बसचालक. सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटं.

बाईंनी पान उलटलं. आणखी मागं गेल्या, पुढं गेल्या. कुठं एक, कुठं दोन, रेघेखाली त्याच बारीक अक्षरात नोंदी. दुसऱ्या दिवशी बाई नवं पान घ्यायच्या आणि महिन्याची बेरीज धाकटी करायची, म्हणून त्यांच्या नजरेला हे कधी पडलंच नव्हतं. एकेचाळीस बिल्ले. एकही सांडलेला नव्हता.

"तू बोलली का नाहीस गं?" बाईंनी विचारलं. "मी तुला इतकी बोलायचे, साऱ्यांसमोर."

"तुम्ही घरी गेलात की बाहेर कुणीतरी उभं राहिलेलं असायचं," धाकटी म्हणाली. "आणि तुमचंही चुकत नव्हतं, बाई. पाच म्हणजे पाच. मला घरी जायची घाई नव्हती, एवढंच."

बावीस वर्षांत एकही तक्रार नाही. बाईंना भिंतीवरची फ्रेम आठवली आणि कान गरम झाले. अर्धा कागद तरी या पोरीचा होता. लाज वाटली, सरळ लाजच वाटली. तेवढ्यात पायाशी कुत्र्यानं एक लांब सुस्कारा टाकून अंग टाकून दिलं, आणि बाई भानावर आल्या. "या मालकिणीला फोन लाव," त्या म्हणाल्या.

पंधरा मिनिटांत बसचालकीण धापा टाकत बोळात आली. उंच, खाकी गणवेशातली, डोळे रडून लाल. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. खाली बसली, जमिनीवर दोनदा थाप मारली, आणि म्हातारा धडपडत उठून तिच्या मांडीत घुसला. "पाणी द्या, पाणी," ती म्हणाली. धाकटीनं तांब्या दिला. तिनं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच्या तोंडाशी धरलं. तो लपलप पिऊ लागला. एक ओंजळ, दुसरी, पाचवी.

"त्याला भांडं दिसत नाही आता," ती सांगत होती. "हाताचा वास आला तरच पितो. सकाळी दार उघडं राहिलं, मला दुपारी ड्यूटीवरून आल्यावर कळलं. मी इथं तेरा वेळा फोन केला! त्या मशीनमधल्या बाईला मी आज मनातल्या मनात काय काय बोलले, ते सांगत नाही."

धाकटी खोकली. बाईंना गप्प राहता आलं असतं.

"ती बाई मीच," त्या म्हणाल्या.

चालकिणीनं प्रथमच त्यांच्याकडं नीट पाहिलं. "आणि खिडकीवरच्या? माझी ड्यूटी पावणेपाचला सुटायची. पळत आले होते मी, याला कडेवर घेऊन. दोनच मिनिटं उशीर झाला होता."

"त्याही मीच. चुकलं माझं."

तिनं पुन्हा एकदा ओंजळीनं त्याला पाणी पाजलं. मग ओली ओंजळ बाईंपुढं केली. "घ्या. एकदा तुम्ही पाजा. त्याला तुमचाही वास कळू दे."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याला हातानं पाणी पाजलं. बरंचसं साडीवर सांडलं. त्याची जीभ खरखरीत आणि गरम होती, आणि बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी आणखी एक ओंजळ भरली.

डॉक्टरांना कळवून झालं, चालकीण कुत्र्याला मफलरासकट घेऊन गेली. बाई मात्र उठेनात. "तो फोन इकडे आण," त्या धाकटीला म्हणाल्या. "आवाज कसा भरायचा, मला अजून आठवतंय."

"साहेबांना विचारायला नको?"

"साहेबांना मंगळवारी सांगू. कामकाजाच्या वेळेत."

पुढचा अर्धा तास दोघी रजिस्टर चाळत, एकेचाळीस कुत्र्यांची चौकशी करत बसल्या. मग मागच्या दारावर टकटक झाली.

"कार्यालय बंद आहे," बाई सवयीनं ओरडल्या, आणि उठून त्यांनीच दार उघडलं.

दारात जेवणाचा डबा घेऊन मास्तर उभे होते. "तुझा पत्ता नाही म्हणून इथं फोन केला," ते म्हणाले. "एक बाई म्हणाल्या, अडचण असेल तर मागच्या दारानं या, आणि कुत्रं सापडलं असेल तर आधी ओंजळीनं पाणी पाजून बघा. आवाज ओळखीचा होता. बाई कोणी नवीन असाव्यात."