पडद्यावरचे सासरे

चाळीस-एकेचाळीस सालची दिवाळी. नंदुरबारच्या बाजाराबाहेर तंबूतलं टॉकीज लागलं होतं आणि त्यावरून उमेदमलांच्या घरात नुसता गोंधळ माजला होता. उमेदमल कापडाचे व्यापारी. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, मिशा पांढऱ्या, पोट पुढे, स्वभाव कडक. घरात हसू नये असा काही नियम नव्हता, पण ते घरात असले की कोणी हसत नसे एवढं खरं. अशा माणसाचा हातभर उंच रंगवलेला चेहरा जाहिरातीच्या बैलगाडीवरून, ढोल वाजवत, सगळ्या गावातून फिरला. आणि त्या चेहऱ्याच्या डोक्यावर लाडवांचा डबा पालथा घातलेला होता.

मग सगळं बाहेर पडलं. आदल्या वर्षी उमेदमल कापडाचे गठ्ठे घेऊन प्रकाशा या गावी गेले होते. तापीच्या घाटावर एका सिनेमा कंपनीचा मुक्काम होता. आजोबांचं काम करणारा नट तापाने आडवा झालेला, आणि कंपनीच्या मालकाला उमेदमलांच्या मिशा दिसल्या. ‘एक फोटो काढायचा आहे, जरा उभे राहा,’ असं म्हणून त्याने त्यांना उभं केलं. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. पुढे पुढे तर सेठजींना बैलगाडीमागे पळायला लावलं, आणि ते पळाले! का पळाले, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नव्हतं. घरी येऊन मात्र अवाक्षर काढलं नव्हतं.

आता या घरात एकच माणूस असं होतं की ज्याला त्या सिनेमातली गोष्ट आधीपासून ठाऊक होती. ती म्हणजे थोरली सून भूरीबाई. सिनेमा ज्याच्यावरून काढला ते ‘नावेतली दिवाळी’ हे लहान मुलांचं पुस्तक तिच्या वडिलांनी लग्नात तिच्या पेटीत घातलं होतं. एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीला नदीकाठी आत्याकडे निघतं, फराळाचा डबा भलत्याच घरी जातो, आजोबा सगळ्यांवर ओरडत राहतात, आणि शेवटी धाकटी नात हरवते. आजोबा तिला शोधत सगळा घाट पालथा घालतात, तर ती नावेत झोपलेली सापडते. ते शेवटचं पान भूरीबाईने इतक्यांदा वाचलं होतं की कागद मऊ पडला होता. पुस्तकात चित्र नव्हतं. नावेतल्या नातीला बघून आजोबांचा चेहरा कसा झाला असेल, हे ती मनातल्या मनात किती वर्षं जुळवत होती. आता सगळं घरच सिनेमाला निघालं होतं. तो चेहरा दिसणार होता, आणि एकदाच दिसणार होता. या घरातल्या बायका पुन्हा कधी सिनेमाला जातील, ही आशाच नको.

पण तिच्या आनंदात एक मोठीच अडचण होती, आणि ती तंबूत बसेपर्यंत कोणाच्या ध्यानातच आली नव्हती.

तंबूत बायकांची बाजू वेगळी, मधे कापडाची कनात. भूरीबाई, तिची सात वर्षांची मुलगी सुवटी, सासू नोजीबाई आणि शेजारच्या शिंप्याची बायको धनुबाई अशा ओळीने बसल्या. दिवे विझले, मागे इंजिन धडधडलं, पडद्यावर नदी आली, गाडी आली, आणि गाडीतून उतरले उमेदमल.

भूरीबाईचा हात तिच्या नकळत वर गेला आणि ओढणी हनुवटीपर्यंत खाली आली. नऊ वर्षांची सवय. सासऱ्यांसमोर तोंड उघडं टाकायचं नाही आणि त्यांच्याशी शब्द बोलायचा नाही. नऊ वर्षांत तिने त्यांचे जोडे पाहिले होते, धोतराचा काठ पाहिला होता. चेहरा असा कधी पाहिलाच नव्हता. त्यात ओढणी दिवाळीची, जाडजूड, काठाला जरीचा गोटा. अंधारात तिच्यातून काय दिसणार, कपाळ!

ते पडद्यावरून गेले की बघू, म्हणून ती थांबली. पण आजोबा जातील तर शपथ! गाडीत आजोबा, अंगणात आजोबा, विहिरीवर आजोबा. तिने ओढणी बोटभर उचलली की त्यांचा आवाज येई, आणि ओढणी पुन्हा खाली. सावलीचा सासरा हा सासरा धरायचा की नाही? खरे सासरे तर कनातीपलीकडे बसलेले. मग एका माणसाला दोनदा घुंघट घ्यायचा? तिचं डोकंच चालेना.

“सासूबाई,” ती हळूच म्हणाली, “हाई तर चित्र शे. याले बी घुंघट लागस का?”

नोजीबाई माहेरच्या साक्रीकडच्या. त्यांच्यामुळे घरात मारवाडीइतकीच अहिराणी चाले, आणि त्या रागावल्या की तर अहिराणीच. “चित्र शे तर काय व्हयनं? मिशा त्यासन्याच शेत ना? घुंघट राहू दे!”

नोजीबाईंचा स्वतःचा घोटाळा आणखी मोठा होता. पडद्यावर त्यांच्या नवऱ्याशेजारी एक ठसठशीत आजीबाई बसून त्याला करंजी भरवत होती.

“हाई कोन शे?” नोजीबाई अर्ध्या उठल्या. “धनु, माले सांग, हाई बाई कोन शे?”

“त्यासनी बायको शे,” धनुबाई निर्मळ मनाने म्हणाली.

“मंग मी कोन शे?”

धनुबाई चटकन भूरीबाईकडे वळली. भूरीबाईची कीव येऊन ती पडद्यावरचं सगळं तिला सांगू लागली, पण तिचं सांगणं ऐकून भूरीबाई आणखीच चक्रावली. “आते ते डबा चोरी ऱ्हायनात,” धनुबाई म्हणे. पुस्तकात तर आजोबा डबा परत आणायला जातात! “आते पोलीस ऊना.” पोलीस कुठला, तो पोस्टमन असणार. सगळा तंबू खो खो हसत होता, बाकं हलत होती, आणि भूरीबाई ओढणीच्या लाल अंधारात बसून पाठ असलेली गोष्ट विसरत चालली होती. तिला रडूच यायला लागलं.

“आई, तू पाहतच नाहीस!” सुवटी म्हणाली.

“तुझे आजोबा आहेत ना समोर.”

सुवटीला हे काही पटलं नाही. ती कनातीखालून सरपटत पुरुषांकडे, थेट आजोबांकडे तक्रार घेऊन गेली. इकडे पडद्यावर हाका सुरू झाल्या. आजोबा नातीला हाका मारत घाटावरून धावत होते. भूरीबाईला कळलं, शेवट आला. ते पान आलं. तिने ओढणीची कड मुठीत घट्ट धरली, पण हात वर जाईना.

तेवढ्यात कनातीपलीकडे, अगदी जवळ, तोच आवाज आला. पण खरा, खालचा, ओशाळलेला. रिवाजाप्रमाणे सुनेशी नव्हे, नातीशी बोलणारा.

“सुवटी, तुन्ही मायले सांग. पडदावर शे तो मी नही. तो पुस्तकमातला आजा शे. त्यानापुढे घुंघट लागत नही. म्हनाव, देख.”

“आनि ती बाई?” नोजीबाईंनी संधी सोडली नाही.

“ती बी पुस्तकमातलीच!”

भूरीबाईने ओढणी वर केली.

पडद्यावर नाव होती. नावेत पोर झोपलेली. आणि काठावर एक म्हातारा गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा होता. तो हसत नव्हता, रडतही नव्हता. हात पुढे करून तो नुसता थांबला होता, पोर जागी होईल या भीतीने. एवढे मऊ हात या घरात कोणाचे होते? आणि खालच्या ओठाजवळचा तो तीळ तर थेट सुवटीचा. नऊ वर्षं ती ज्या माणसाला घाबरत आली, तो हा की पुस्तकातला, हे तिला काही केल्या ठरवता येईना, आणि डोळ्यांतून पाणी मात्र वाहत राहिलं.

गॅसबत्त्या एकदम पेटल्या. बायका उठल्या, कोणाचा तरी धक्का लागून कनातीची दोरी सुटली आणि कापड खाली आलं. पलीकडे दोन हातांवर उमेदमल सुवटीचा हात धरून उभे. भूरीबाईचं तोंड उघडंच होतं. तिला ओढणीची आठवणच राहिली नाही. ती बघत राहिली, आणि तेही.

मग उमेदमलांनी घाईघाईने उपरणं ओढून स्वतःचंच तोंड झाकलं.

सगळा तंबू बाहेर पडत होता, आणि ही एवढी माणसं जिथल्या तिथे उभी. उपरण्याआडून, नातीला नाही, कोणालाच मधे न घालता, म्हाताऱ्याने विचारलं, “पोरी, लई बावळट दिखनू का मी?”

नऊ वर्षांत तिने त्यांच्यासमोर तोंडातून शब्द काढला नव्हता.

“नही,” भूरीबाई म्हणाली. “पुस्तकमा शेत, तसाच दिखनात तुम्ही.”