सासूच्या आधी

कझाकस्तानातल्या शिमकेंत शहरी एका लग्नघरी व्हिडिओवाली सायरागुल सकाळपासून पाहुण्यांवर खेकसत होती. "सूनमुख उघडताना कुणी कॅमेऱ्यापुढे कडमडलं, तर माझ्याशी गाठ आहे."

तोंडावरून ओढणी घेतलेली नवरी अंगणात उभी होती. दोंब्रा वाजवत गायक एकेका सासरच्या माणसाचं नाव घेई, की ती वाकून सलाम करी. शेवटी सासूचं नाव, मग ओढणी उचलायची आणि त्यानंतर चॉकलेटं उधळायची. पण सासूला, बातिमाला, कुठला दम निघायला? नाव कानावर पडताच तिने ओंजळ उधळली.

हे चॉकलेट घरी नेलं की घरातलं लग्न जुळतं म्हणतात, आणि सायरागुलची लेक अजून बिनलग्नाची. एक चॉकलेट पायाशी पडताच ती कॅमेऱ्यासकट खाली झेपावली. सलामाला वाकलेल्या नवरीचाही हात तिथेच आला. सायरागुलने ते आधी उचललं आणि मान वर केली, तर ओढणीखाली नवरी खुदकन हसताना दिसली.

"मावशी, द्या ना. धाकट्या बहिणीसाठी हवंय."

"अगं बाई," बातिमा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या आधी सूनमुख पाहिलंस? काढ आता मुख पाहिल्याचा आहेर."

सायरागुलने सगळ्यांकडे रागाने पाहिलं आणि नवरीपुढे मूठ उघडली.