झाला, पण धरला नाही

बाबांच्या कोटाला कसर लागली होती. मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. लोकांच्या पँटी आखूड करण्यात हयात गेली, पण त्या कोटाइतका जीव ओतून मी कधी काही रफू केलं नाही. खिशावर चषकाचं भरतकाम होतं आणि खाली राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या वर्षाचं साल.

त्या स्पर्धेत बाबा एकच सामना खेळले, आणि तोच अंतिम. सलामीचा गडी तापाने फणफणला म्हणून यांना पाठवलं. हे शेवटच्या दिवशी सकाळी उभे राहिले ते संध्याकाळपर्यंत हललेच नाहीत. धावा विचारू नका. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या आघाडीवर चषक आमच्या प्रांताचा झाला आणि बाबांचं नाव पडलं 'खुंटा'.

"लग्न माझं खुंट्याशी लागलं," आई म्हणायची, "पण दावं माझ्याच गळ्यात."

जेवताना तो सामना रोज व्हायचा. मिठाची बरणी म्हणजे शॉर्ट लेग. आईचा चष्मा म्हणजे पंच, कारण "दोघांनाही धड दिसत नाही."

गल्लीतल्या पोरांचे पंच मात्र बाबाच, आणि त्यांचा कायदा एकच: कच्चा लिंबू चालणार नाही. धाकट्याला खेळवायचं, पण त्याचं आउट होणं मोजायचं नाही, ही दया बाबांना शिवीसारखी लागायची. "मोजणार नसाल तर खेळवू नका रे!" ते ओरडायचे. "आउट झालाय ना? मग रडू दे त्याला. खेळलाय तो!"

यंदा स्पर्धेचा सुवर्णमहोत्सव. संघटनेतून फोन आला, "काका, समारंभाला या. कोट असेल तर घालूनच या." बाबा दोन दिवस आरशापुढून हलेनात.

"नवरदेव, बस आता," आई म्हणाली. "आरसा झिजेल."

सभागृहाच्या भिंतीवर विजेत्यांची पितळी पाटी होती. बाबांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट खालपर्यंत गेलं. परत वर आलं. पुन्हा खाली गेलं. तेवढ्यात स्पर्धेचा इतिहास लिहिणारे साहेब आले. नवाकोरा कोट, खांद्यात सैल. शिवणारा आंधळा असावा.

"आमचं साल दिसत नाही," बाबा म्हणाले.

"पहिली तीन वर्षं धरलेली नाहीत, काका. तेव्हा सगळे प्रांत उतरत नव्हते, स्पर्धेचं नावही वेगळं होतं. समितीने ठरवलंय, इतिहास तिथून पुढे."

"म्हणजे सामना झालाच नाही?"

"झाला हो. झाला, पण धरला नाही."

बाबांनी उजव्या हाताची वाकडी करंगळी त्यांच्या नाकासमोर धरली. "मग ही कशाने मोडली? जिन्यावरून पडून?"

साहेब हसले. अगदी प्रेमाने हसले. तोंडावर थुंकले असते तर मला बरं वाटलं असतं.

"ती तीन वर्षं धरली तर पन्नास कधी भरतात?" मी विचारलं.

"तशी मागेच भरली असती. पण तेव्हा कोणाच्या लक्षात..." साहेबांनी जीभ चावली.

असं होतं तर. पन्नाशी यांच्या ध्यानातून गेली, म्हणून पन्नाशीच पुढे सरकवली. कापड कमी पडलं तर आम्ही शिंपी जोड लावतो. यांनी माप चुकलं म्हणून माणूस कातरला.

"मग या म्हाताऱ्याला बोलावलं कशाला? सतरंज्या उचलायला?"

"ताई, रागावू नका. कोटासाठी बोलावलं. काचेच्या कपाटात ठेवायचाय. इतका जुना कोट दुसऱ्या कोणाकडेच नाही. खाली लिहू ना आम्ही, 'सुरुवातीच्या काळातील कोट'."

"आणि कोणाचा, ते?"

"नाव कसं देणार? नाव अधिकृत नोंदीत नाही ना."

कोट अधिकृत, आतला माणूस बेकायदा! मी बाबांचा दंड धरला. "चला बाबा. यांच्या कपाटात यांचीच कातडी टांगू दे."

पण बाबांचा हात बटणावर गेला होता. बटणं मीच आदल्या दिवशी दुहेरी दोऱ्याने घट्ट बसवली होती. त्यांच्या बोटांना ती सुटेनात.

"काढून दे गं," ते म्हणाले.

"बाबा, नाही."

"दे काढून. कोट तरी धरला त्यांनी."

मी बटणं काढून दिली. माझ्याच हातांनी.

घरी आम्ही आलो तेव्हा बाबा नुसत्या शर्टात होते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि ताटं घेतली. जेवताना तिने मिठाची बरणी बाबांच्या डाव्या हाताला सरकवली. "अहो, शॉर्ट लेग इथे बरा का आणखी जवळ घेऊ?"

"फार जवळ नको," बाबा म्हणाले. आईचा चेहरा उजळला. मग त्यांनी बरणी उघडली, चिमूटभर मीठ भातावर घेतलं आणि झाकण लावलं. "सांडतं."

रविवारी पोरं त्यांना ओढून गल्लीत घेऊन गेली. फळकुटाची बॅट त्यांच्या हातात दिली, यष्टी म्हणून मागे लाकडी खोका. पहिलाच चेंडू खोक्यावर आदळला आणि खोका आडवा. एरवी अपील व्हायच्या आत बाबा बॅट टाकून चालू लागायचे. या वेळी ते तिथेच उभे.

सगळ्यांत धाकटी पुढे आली. पुढचे दोन दात पडलेली. "आजोबा, तुम्ही कच्चा लिंबू," ती म्हणाली. "परत खेळा."

मोठी पोरं दोन पावलं मागे सरली. आता आजोबा फाडून खाणार! मी दुकानाच्या दारात हातात कात्री घेऊन उभी होते. ओरडा बाबा, मी मनात म्हणत होते, एकदा तरी ओरडा.

बाबांनी वाकून खोका सरळ केला. त्यावरची धूळ हाताने झटकली. आणि पुन्हा गार्ड घेतला.