करदोट्याचं माप

उचगावात अण्णासोंच्या किराणा दुकानात क्विंटलाचं पोतं तोलणारा काटा होता, पण त्यांचा एकुलता एक मुलगा महांतेश त्यावर कधी उभा राहिला नव्हता. त्याच्या आईची, शांतादेवीची, तशी सक्त ताकीदच होती. पोर सातव्या महिन्यात जन्मलं. जगेल असं कुणी छातीठोक सांगेना. तेव्हा तिनं वीरभद्राला नवस बोलला, पोरगा जगू दे, लग्नाआधी तुझ्या दारात त्याची गूळतुला करीन, आणि तोवर त्याला दुसऱ्या कुठल्या तराजूत घालणार नाही. शाळेत मुलांची वजनं करायची त्या दिवशी महांतेश घरी. दवाखान्यात काट्याकडे बोट दाखवलं की ही पोराला हाताला धरून बाहेर. अण्णासो दिवसभर मिरच्या-डाळी तोलायचे, पण या विषयात मिठाची गुळणी धरून बसायचे.

जगलेल्या पोराला मग असं खाऊ घातलं, की सव्विसाव्या वर्षी तो गल्ल्यामागच्या खुर्चीत मावेना. कागलच्या रक्षिताचं स्थळ आलं. मुलगी पसंत पडली, वैशाखातलं लग्न ठरलं, आणि तिचे मामा निघता निघता म्हणाले, "पावणं, सगळं झ्याक हाय. पोरगं तेवढं जरा उतरवा की." शांतादेवीच्या ते जिव्हारी लागलं.

काटा नाही, मग कमरेचा करदोटा कामाला आला. दिवाळीत तो काळा दोरा तिनंच त्याला आवळून बांधला होता. दर सोमवारी त्याची आंघोळ झाली की ती दोऱ्याखाली बोट घालून बघायची. आधी एक बोटही शिरत नव्हतं. तूप बंद झालं, भात बंद झाला, पहाटे मळ्याच्या वाटेनं चालणं सुरू झालं. संक्रांतीला दोन बोटं जाऊ लागली, मग अख्खा पंजा. शांतादेवी गल्लीभर सांगत सुटली, "काटा कशाला पायजे? माझा हातच काटा हाय!"

महाशिवरात्रीनंतर मात्र दोरा पुन्हा ताठ व्हायला लागला. तिचं डोकंच फिरलं.

"कुठं चोरून खातोस रं? नाक्यावरची भजी न्हवं?"

"न्हाय अव्वा. भूकच न्हाय मला."

"भूक न्हाय आन् प्वाट सुटतंय व्हय?"

तिनं त्याची रात्रीची भाकरी बंद केली. त्यानं हूं की चूं केलं नाही.

शेजारच्या धोंडुबाईला राहवलं नाही. "शांताक्का, पोराच्या गालाची हाडं वर आलीत. हात तर बघ त्याचं."

"उतरवायचं म्हटल्यावर उतरणारच की. पोटाचं तेवढं ऱ्हायलंय."

बाईनं पोट पाहिलं, दोरा पाहिला, हात काही पाहिले नाहीत. आपल्या मापाचा तिला एवढा गर्व चढला होता. आणि त्या गर्वापायी घरात उपाशी कोण राहत होतं, तर तिचंच पोर.

पुढच्या एका सोमवारी दोरा कातडीत रुतलेला दिसला. खाली नखही जाईना. ती चिडून त्याच्या पाठीत धपाटा घालायला गेली, तर हाताला नुसत्या बरगड्या लागल्या. तिचा हात तिथंच थांबला.

कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यात त्याला काट्यावर उभं केलं, तेव्हा ती पहिल्यांदाच गप्प राहिली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी नवराबायकोला आत बोलावलं.

"पोटात गाठ आहे. तिच्यामुळं पाणी साठलंय. अंग झिजत गेलं आणि पोट तेवढं फुगत राहिलं. घरात कुणी वजन बघितलं नाही का?"

अण्णासोंनी बायकोकडे बघितलं.

"थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. आता फक्त त्रास कमी करू."

पोटातलं पाणी काढायच्या आधी नर्सनं करदोटा कातरला आणि शांतादेवीच्या हातात दिला. संध्याकाळी महांतेश खाटेवर पडला होता. पोट बसलं होतं, आणि चादरीखाली माणूस आहे असं सांगावं लागलं असतं. ती उशाशी बसली होती.

"अव्वा, तुझा नवस मोडला गं."

"नवस गेला खड्ड्यात. अंगातलं बळ चाललंय, हे मला सांगायचं न्हाय व्हय?"

"शिवरात्रीला आण्णा देवळात गेलते, तवा दुकानातल्या काट्यावर उभारलो. मग चोरून सारखाच उभारायचो. आकडा खालीच जायाचा. तू म्हणायचीस दोरा ताठ झालाय, आन् काटा म्हणायचा पोरगं उतरतंय. कायतरी चुकतंय हे कळत हुतं मला."

"मग बोलला का न्हाईस माझ्या राजा?"

"काट्यावर चढलो म्हटलं असतं, तर तुला वाटलं असतं, नवस मोडला, आता पोरगं ऱ्हात न्हाय. तू जेवली नसतीस."

शांतादेवीला रडूही येईना. तिनं पिशवीतली भाकरी काढली, तसलीच, जी ती इतके दिवस त्याच्या ताटातून उचलून ठेवत होती. तुकडा मोडून तिनं त्याच्या तोंडाशी नेला.

"खा रं. पायजे तेवढी खा."

त्यानं तिचं मन राखायला तुकडा तोंडात धरला. पण त्याला तो गिळता आला नाही.