मराठीवर पांढरा हात

मित्रांनो, मला हलवलंत तर आतली गोळी तेवढी खडखडेल. बाकी पोटात काही उरलेलं नाही. मी व्हाइटनरची एक जुनी बाटली, आणि मला जे सांगायचं आहे ते मान वर करून सांगण्यासारखं नाही.

कुठल्या कारखान्यात भरले गेले ते आठवत नाही. आखाती देशातल्या मनामा शहरात एका स्टेशनरीच्या दुकानातून दीप्तीने मला घेतलं. ती बुसैतीनला एका ऑफिसात रिसेप्शनवर होती. अपॉइंटमेंटच्या वहीतली चुकलेली नावं, चुकलेल्या वेळा मी झाकत असे. शेजारच्या टेबलावरची नाझिश म्हणायची, "दीप्ती का व्हाइटनर तो चश्मा लगाके भी नहीं दिखता." मी फुगून जायचे. आपण काय झाकतोय, हे मी कधी विचारलं नाही.

एक दिवस दीप्तीने मला सलमानियाला घरी नेलं. तिथं तिचा नवरा गौरव, सहा वर्षांची स्पृहा आणि संगमनेरहून आलेल्या सासूबाई, मंगलाआजी. टेबलावर शाळेचा फॉर्म होता. बुदैयाच्या रस्त्यावरची लहानशी ख्रिस्ती शाळा. तिथं पाठांतर, तर्कशास्त्र आणि तिसरीपासून चक्क लॅटिन. या घरात रोज संध्याकाळी प्रार्थना होई, म्हणून दोघांना ही शाळा मनापासून हवी होती. पहिलीत एकच जागा उरली होती.

"लॅटिन म्हणजे कुणाची रे?" आजींनी विचारलं.

"आता कुणाचीच नाही, आई. दोन हजार वर्षं जुनी आहे," गौरव म्हणाला.

"मग माझी बरी. बोलणारी माणसं आहेत अजून."

सगळे हसले. मग घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा रकाना आला. दीप्तीने तिथं 'मराठी' लिहून टाकलं होतं. गौरवने कुणाकडून तरी ऐकलं होतं, की घरात इंग्रजी नसेल तर मुलाला वेटिंग लिस्टवर टाकतात. आजींच्या देखतच तो म्हणाला, मराठी खोडून टाक. दीप्तीने माझं झाकण उघडलं. मी अगदी गुळगुळीत बसले. वाळल्यावर माझ्यावर 'इंग्लिश' लिहिलं गेलं.

त्या दिवसापासून आजी नातीशी 'यस', 'नो', 'ईट', 'कम' एवढंच बोलू लागल्या. त्या स्पृहाला बायबलमधलं मेंढपाळाचं स्तोत्र मराठीतून शिकवत होत्या. ते अर्ध्यावर थांबलं. कुणी त्यांना गप्प बसा म्हटलं नव्हतं. पण बोला, असंही कुणी म्हटलं नाही.

मुलाखतीला मी दीप्तीच्या पर्समध्ये होते; चेनच्या फटीतून थोडं दिसत होतं. आजींना बाहेर बाकावर बसवलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी फॉर्म जरा उजेडाकडे धरला. पाठ असलेलं काही म्हणशील का, असं त्यांनी स्पृहाला इंग्रजीत विचारलं. स्पृहाने आईकडे पाहिलं.

"आय नो हाफ. बट इट्स इन मराठी," ती म्हणाली. "मराठी इज खलास. मम्मा पुट व्हाइट ऑन इट."

पर्समध्ये अंधारच असतो, तरी तोंड कुठे लपवावं मला कळेना.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी समजावून सांगितलं, की पहिलं स्तोत्र मुलांनी घरच्या भाषेत पाठ करून यावं अशी या शाळेची पद्धत आहे. ते शिकवणारं माणूस घरात आहे ना, एवढंच त्या रकान्यातून त्यांना जाणून घ्यायचं असतं. मग त्यांनी एक कोरा फॉर्म पुढे केला.

दीप्ती बाहेर गेली. "आई, आत चला. स्पृहाला पुढचं येत नाही."

आजी उठल्या नाहीत. "मला कुठं इंग्लिश येतं, बाई," त्या म्हणाल्या. दीप्ती त्यांच्याशेजारी बाकावर बसली, ती बराच वेळ उठलीच नाही.

नव्या फॉर्मवर 'मराठी' आहे. तो घरी नेऊन, भरून परत देईपर्यंत ती जागा दुसऱ्या मुलीला गेली. स्पृहाचं नाव आता पुढच्या वर्षीच्या यादीत आहे. दीप्तीने मला झाकण न लावताच कपाटात ठेवलं. विसरून नाही, मी तिचा चेहरा पाहिला होता. मी वाळून गेले.

मित्रांनो, स्पेलिंग चुकलं तर माझ्या बहिणींना खुशाल वापरा. पण घरातल्या कुणाचं बोलणं झाकायला त्यांना उघडू नका. कागदावरून आम्ही नखाने खरवडलं तरी निघतो. मंगलाआजी आता पुन्हा मराठी बोलतात, पण नातीशी बोलण्याआधी सुनेकडे बघून विचारतात, "बोलू ना गं?" ते कशाने खरवडायचं, मला माहीत नाही.