झोपमोड झालेला प्रोग्रॅम

बायको गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, काहीतरी शिका. लोकांना वाटलं, म्हातारा फार तर पेटी शिकेल. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले हे गृहस्थ सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला बसले.

प्रोग्रॅमचं काम एवढंच, की तासभर झोपायचं. मध्येच कोणी कंट्रोल-सी दाबून ‘बंद हो’ असा सिग्नल दिला, तर ‘जागा आहे’ असं छापून पुन्हा झोपायचं. पण प्रत्यक्षात तो ‘जागा आहे’ म्हणायचा आणि तिथल्या तिथे प्राण सोडायचा.

मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, हिला विचारा. मुलाचा फोन ‘बरे आहात ना’ने सुरू होतो आणि उत्तर यायच्या आत संपतो. सूनबाई मात्र याच धंद्यातली. ती दर रविवारी दुपारी फोन करू लागली. अर्धविराम म्हणजे काय मीठ आहे का दिसेल तिथे टाकायला, असं झापायची. झापता झापता जेवलात का, हेही विचारायची आणि उत्तर ऐकूनही घ्यायची.

अशात एका बुधवारी त्यांना दुखणं सापडलं. सिग्नलने झोपमोड झाली की राहिलेली झोप बुडते आणि प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर जातो. पुढच्या ओळीवर होता शेवट. पहाटे जाग आल्यावर छत बघत पडणाऱ्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. त्यांनी झोप लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या चक्रात, घातली. प्रोग्रॅम मरेना. सांगायला म्हणून ते उठले, स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले.

मग रविवारचा फोन आठवला. त्यांनी दुरुस्त फाइल बाजूला ठेवली आणि सूनबाईला पाठवायला मोडकीच काढली. फक्त पाठवताना चष्मा कपाळावर होता.

“बाबा, हा तर चालतोय,” सूनबाई म्हणाली.

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. पलीकडे थोडा वेळ नुसत्या कळा वाजत राहिल्या.

“पण आता कंट्रोल-सीनं बंदच होत नाही,” ती म्हणाली. “हा घोळ मोठा आहे. एका रविवारात नाही व्हायचा.”

बंद करायची दुसरी कळ त्यांच्या सी भाषेच्या पुस्तकात पुढच्याच पानावर होती. त्यांनी ते पान वाचलं होतं. तिनेही कॉलेजात वाचलं असणार.

“बघ बुवा,” ते म्हणाले. “मला तर काहीच सुचत नाही.”

फोन ठेवल्यावर त्यांनी प्रोग्रॅम चालूच ठेवला आणि अधूनमधून कंट्रोल-सी दाबत राहिले. रिकाम्या घरात तो दरवेळी सांगत होता, जागा आहे.