पोटात दुखत नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना लंगोट आहे. आत्मवृत्त सांगायला छत्र्या येतात, नाणी येतात, पडके किल्ले येतात. लंगोटाला कुणी बोलवत नाही. माझं नाव चारचौघांत काढायचीच पंचाईत. पण मला जे ठाऊक आहे ते छत्रीला ठाऊक नाही, म्हणून ऐका.

कसबा पेठेतल्या एका शिंप्याने लाल सुती कापडातून मला बेतलं. वस्ताद कोंडीरामांनी तालमीतल्या मारुतीपुढे मला ठेवलं आणि मग दिग्विजयच्या हाती दिलं. दिग्विजय तेव्हा विशीतला, दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवाव्यात. माझं काम एकच. पुरुषाच्या शरीराचा जो नाजूक भाग निसर्गाने बाहेर पिशवीत ठेवला आहे, तो कुस्तीत सांभाळायचा. बाहेर का, तर तिथे तयार होणाऱ्या शुक्रजंतूंना शरीरापेक्षा जरा गारवा लागतो. दोन वृषणं, आणि प्रत्येक आपापल्या दोरीला टांगलेलं. त्या दोरीतूनच त्याला रक्त पोचतं. दिग्विजयने पहिलं मैदान मारलं तेव्हा वस्तादांनी त्याची पाठ थोपटली. माझी कोण थोपटणार, आणि कुठे?

तालमीचा एक नियम होता. गुडघा दुखला तर दाखवा, खांदा दुखला तर चोळून घ्या. लंगोटातलं दुखणं मात्र बोलायचं नाही. त्याला म्हणायचं, पोटात दुखतंय.

एका सकाळी नुसत्या बैठका काढताना दिग्विजय मध्येच थांबला. मला लगेच कळलं. डावं वृषण आपल्या दोरीसकट फिरलं होतं. ओल्या धुण्याला द्यावा तसा दोरीला पीळ बसला आणि रक्ताची वाट बंद झाली.

"काय रे, दम लागला?" वस्ताद म्हणाले.

"पोटात दुखतंय."

"खुराक अंगावर आला असेल. आडवा हो."

वस्तादांनी बेंबीभोवती तेल चोळलं. दिग्विजयला उलटी झाली. "बघ, पडलं बाहेर," वस्ताद समाधानाने म्हणाले. इकडे माझ्या आत ते वृषण वर ओढलं गेलं होतं, फुगत चाललं होतं. पीळ बसला की हातात फार थोडे तास असतात, हे मी पुढे ऐकलं. तेव्हा एवढंच समजत होतं की आत काहीतरी मरत चाललंय आणि मला तोंड नाही. ज्याला तोंड होतं, तो पोटाचं नाव घेत होता.

माझ्यावरच पँट चढवून तो कसाबसा घरी गेला. त्याच्या आईने, सुशीलाबाईंनी, ओवा दिला.

"काल बाहेर मिसळ चापली असशील."

"नाही गं."

"मग पोटात म्हणजे कुठे नेमकं?"

"पोटात गं आई." त्याने कूस बदलली. आईला ती जागा कशी सांगायची?

दुपारी तो घामाने थबथबला, तेव्हा सुशीलाबाईंनी वस्तादांना बोलावलं. वस्तादांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर उत्कर्षा होत्या. बाई बघून दिग्विजयने डोळेच मिटले.

"कुठे दुखतंय?"

"पोटात."

"पोट तर मऊ लागतंय. मग हात खाली का धरलाय?" त्याने हात झटकन काढला. "वस्ताद, आपण जरा बाहेर थांबा."

"मी बापासारखा आहे त्याला."

"म्हणूनच."

दार लागलं. भिंतीकडे बघत दिग्विजय पुटपुटला, "डाव्या बाजूला. खाली. सकाळपासून."

माझी गाठ सुटली. डॉक्टरांनी तपासलं आणि ताबडतोब ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. मी एका पिशवीत, पिशवी वस्तादांच्या मांडीवर.

"अहो, पण तो पोटात म्हणत होता," वस्ताद म्हणाले.

"तुमच्या तालमीत सगळ्यांना पोटातच दुखतं का?" असं विचारून डॉक्टर आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज मऊ होता. "पीळ सोडवला. ऊब देऊन रंग परततो का बघितलं, नाही परतला. काढावं लागलं. दुसरं टाके घालून जागेवर बसवलंय, म्हणजे त्याला पीळ बसणार नाही. दाढी, ताकद, मुलंबाळं, सगळं एकावर होतं. तो कमी झाला असं त्याला कुणी वाटू देऊ नका. पण सकाळीच आला असता तर बहुधा दोन्ही राहिली असती."

वस्तादांची मूठ पिशवीवरून माझ्यावर आवळली, आणि कितीतरी वेळ सुटली नाही.

दिग्विजय बरा होऊन पुन्हा मातीत उतरला, नव्या लंगोटात. मी तालमीतल्या खुंटीवर असतो, फिका पडलोय, कुणी बघत नाही. परवा कॉलेजात जाणारा पियुष जोर काढता काढता उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "वस्ताद, पोटात नाही, खाली दुखतंय. उजवीकडचं." वस्तादांनी अंगावरची माती न झटकताच स्कूटर काढली.

परत आले ते हसत. नुसता मुका मार होता.

"उगाच हेलपाटा झाला," पियुष ओशाळून म्हणाला.

"असले हेलपाटे मला रोज घालायला लाव," वस्ताद म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही कधी तिथे दुखलं, सुजलं, हाताला गाठ लागली, तर लाजायला सगळा जन्म पडलाय. आधी कुणाला तरी सांगा, आणि जागेचं नाव घेऊन सांगा. लंगोटाला सगळं कळतं हो, पण तो बोलू शकत नाही.